पाच बोटांचा बिबट

फडा हातातच होता अन मले दिसलं का मी पट्टी झाडून टाकली. झाडली अन वरून शेनाचा सडा बी टाकला. बादली अर्धी रिकामी, पायाखालची माती गच्च वल्ली, अन रात्रीतून तिथून जे काय चालत गेलं असंन ते सगळं माह्या फड्याखाली गेलं. कंबरेवर पोरगी होती, दहा महिन्याची. तिनं माह्यं कानातलं धरून ओढलं, तरी दुखलं नाई.

पाडव्याचा दिवस होता. सासू आदल्या दिवशी सावनेरकडून आली होती, अन उजाडाच्या आधीच उठून दारात बसली होती. मी फाटकापर्यंत सडा टाकला तं म्हने, "फाटकापर्यंतच काहून वं? रस्त्यापर्यंत टाक. वर्साचा दिवस हाय, का आज बी आळसच कराचा?" मी गेली रस्त्यापर्यंत. अंधार होता, झोप डोळ्यात होती, अन सासू पाहून राहिली होती. सासू पाहून राहिली असली का माह्ये हात मनाले विचारत नाई, आपले चालतच राहते.

आता पट्टी काय ते सांगते, नाई तं तुमाले वाटंन झाडलं तं झाडलं.

माह्या नवरा कोराडीच्या रस्त्यावर जंगलखात्याच्या रोपवाटिकेत रोजंदारीवर होता. तिथं मजुराईसाठी तीन खोल्या, मागं नाला, नाल्यापलीकडं जंगल. वारा फिरला का कोराडीच्या वीजघराच्या चिमन्याईची राख येऊन पानाईवर बसे, धुतलेले लुगडे पुन्हा धुवा लागे. लग्नाले दोन वर्स झाले होते. मी चौथी शिकली, पाचवीची शाळा दुसऱ्या गावात होती म्हनून तिथंच सरलं. अन मले सगळ्याचंच भेव वाटे. नवऱ्याचं, सासूचं, रेंजर साहेबाच्या जीपचं, नाल्यातल्या बिबट्याचं. बिबट मी कधी पाह्यला नव्हता, पन भेव वाटाले पाहाच लागते असं थोडी हाय.

तिसऱ्या खोलीत एक पोरगी राहाले आली. आफ्रिकेतली. नागपुरात कॉलेजात शिकाले आली होती, अन कॉलेजनं तिले तीन महिने जंगलखात्यात पाठवलं, जनावरं कसे मोजाचे, कसे राखाचे ते शिकाले. उंच, काळीभोर, केस इतके बारीक का पयल्या दिवशी नळावरच्या बाया भांडे घासता घासता थांबल्या. बाजूची मले म्हने, "काय वं, भूत ठेवलं का शेजारी?"

मी म्हनलं, "भूत तुह्यापेक्षा बरं हाय. आपलं ताट आपन धुते."

असं मी कोनाले बोलत नसे. तोंडातून निघून गेलं अन मंग दोन दिवस मी नळावर गेलीच नाई, भेवानं.

ती मले वहिनी म्हने. हिंदी बोले, तुटकी, पन माह्यी बी तुटकीच होती, तं आमचं जमे. चुलीपुढं येऊन बसे अन म्हने, "वहिनी, मेरी माँ का चूल्हा भी ऐसाच." पोरीले मांडीवर घेऊन झुलवे. तिच्या देशात तिच्या गावाजवळ मोठं जंगल हाय, इथून ट्रेनिंगचा कागद घेऊन गेली का तिथं साहेब होनार होती. तिच्याकडच्या पोरीत पयलीच. अन कागद नाई भेटला तं? मी विचारलं. तं हासली अन म्हने, "शादी. बाप ने आदमी देख के रखा है, उसके पास बहुत गाय है."

तं तिचं काम असं. नाल्यातून पांदनीचा रस्ता वर येऊन आमच्या फाटकापुढून जाये. त्या रस्त्यावर तिनं आडवी पट्टी केली होती, दोन हात रुंद. बारीक चाळलेली माती अन त्यात कोराडीची राख. चाळनी माह्यीच, पिठाची. संध्याकाळी फळीनं सपाट करे. सकाळी उजाडलं का त्यावर उमटलेले पाय पाहे, काच ठेवून पेनानं उतरवे, वहीत लिहे. मी पोरगी कंबरेवर घेऊन बाजूले उभी राहो. तिनं मले बी शिकवलं. कुत्र्याचं नख उमटते, बिबट नख आत घेऊन चालते. मागं रुंद गादी, पुढं चार बोटं. पाचवं बोट असते, पन वर असते, मातीले लागत नाई.

अन नियम असा का साठ सकाळी, एक बी न सोडता. एखादी सकाळ गेली का पयल्यापासून मोजाचं. तिच्या कॉलेजच्या सराईनं तसं सांगतलं होतं. पाडव्याची सकाळ बावन्नावी होती.

आता तुमाले समजलं असंन मी काहून भेली होती.

ती उठाले अजून थोडा टाइम होता. मी सासूकडं पाह्यलं, ती लिंबाचा पाला तोडत होती. मी पळतच मागं गेली, त्या पोरीच्या डब्यातली चाळलेली माती पदरात आनली, वल्ल्या मातीवर टाकली, फळीनं सपाट केली. झालं म्हनलं. पन पाहते तं पट्टी एकदम कोरी. एक्कावन्न सकाळी मी तिच्या बाजूले उभी राह्यली होती, पट्टी कधी कोरी पाह्यली नव्हती. उंदीर तरी, सरडा तरी, किड्याची रेघ तरी. कोरी दिसली का तिले समजंन. पायजे होतं काहीतरी उमटलेलं.

मुंगसाचा पाय मले काढता येईना. सशाचा बी येईना. काडीनं करून पाह्यला, काडीचाच दिसे. माह्या हाताले एकच पाऊल येत होतं. महालक्ष्म्याईच्या वेळी माय आमाले शिकवे, मूठ पिठात बुडवाची, उंबऱ्यापासून दाबत दाबत आत आनाची, वरून बोटाचे टिपके द्याचे. लक्ष्मी चालत आली. सात वर्साची होती तवापासून करत होती मी.

मी मूठ आडवी केली, बोटाच्या पेरावर दाबली, तं रुंद गादी उमटली. पुढं चार टिपके. खरंच सांगते, मीच भेली. असं वाटे का आत्ताच जनावर गेलं. एक, दोन, तीन, चार पाऊल केले. पाचव्याले पोरगी कंबरेवरून घसरली अन रडाले लागली, इकडून सासू वरडली, "अवं मेली का तिकडं?" मी घाईनं मूठ दाबली, टिपके देल्ले अन पळाली.

ती आली काच घेऊन. मी चुलीपुढून कान लावून होती. मंग एकदम, "वहिनी! वहिनी!"

मी गेली. ती गुडघ्यावर बसली होती अन शेवटच्या पावलावर बोट ठेवून मोजत होती. "एक, दो, तीन, चार..." अन थांबली. "पाँच."

लक्ष्मीच्या पावलाले पाच बोटं राहते. घाईत हातानं आपलं पाचच देल्ले.

मले वाटलं आता संपलं. पन तिनं उठून मले मिठी मारली, पोरीसकट. पाच बोटांचा बिबट! असं कोनत्याच पुस्तकात नाई म्हने. जनमापासूनच तसा असंन, जखम असंन, काय असंन ते पाहा लागंन. ती इतकी खूश होती का तिच्या डोळ्याले पानी आलं. त्या टायमाले मी सांगाले पायजे होतं. तोंड उघडलं बी. पन मागून सासू आली, "काय झालं वं हिले, सकाळीच नाचून राहिली?" अन माह्यं तोंड बंद झालं.

त्यानंतर ते वाढतच गेलं. रेंजर साहेब जीप घेऊन आले. नवऱ्याले नागपुरात सीताबर्डीले पाठवून प्लास्टर आनलं, पावलात ओतलं, वाळल्यावर पांढरा पाय निघाला, पाच बोटाचा. साहेबानं तो टेबलावर ठेवला अन येईन त्याले दाखवे. नळावरच्या बायाईनं लेकरं नाल्याकडं पाठवनं बंद केलं. बाजूची मले म्हने, "माह्या माहेरी बी होता तसा एक, सहा बोटाचा." रेंजर साहेबानं कॉलेजच्या सराईले बोलावनं धाडलं, वरच्या साहेबाले बी. ती पोरगी रोज रात्री वही घेऊन बसे अन इंग्रजीत लिहे. अन बापाले पत्र लिहिलं तिनं. मले वाचून दाखवलं, मले एक अक्षर समजलं नाई, पन शेवटी हासून म्हने, "मैंने लिखा, गाय वाले आदमी को ना बोलो."



त्याच दिवशी मी नवऱ्याले सांगतलं. तो हातपाय धुवत होता, तसाच थांबला. "कोनाले बोलली का?"

"नाई."

"मंग बोलू बी नोको. या महिन्यात पक्क्या नोकरीची यादी निघनार हाय, साहेब माह्यं नाव टाकनार हाय. समजलं?"

"तिचं काय गा? उद्या मोठे लोक पाहतीन, तिले खोटी म्हनतीन."

"तिचं तिच्या देशात पाहतीन. तू आपल्या चुलीचं पाह्य."

सासूनं आतून ऐकलं होतं. ती म्हने, "मी तुले रस्त्यापर्यंत सडा टाक म्हनलं, मूठ दाब म्हनलं का?" अन ते बी खरंच होतं.

मी दहा दिवस चूप राह्यली. दहा दिवस ती रोज सकाळी पट्टीवर पाच बोटाचा शोधे, अन नाई भेटला का म्हने, "आएगा वहिनी." साठ सकाळी बी पुऱ्या झाल्या.

अन मंग सर आले. म्हातारे होते, जाड चष्मा. सोबत वरचे साहेब, रेंजर साहेब. फाटकापुढं खुर्च्या टाकल्या. ती पोरगी धुतलेला सदरा घालून, वही छातीशी धरून उभी. मले चहा आनाले सांगतलं होतं. ट्रे हातात, पोरगी कंबरेवर, अन सर तो पांढरा पाय उलटापालटा करून पाहून राहिले होते. ते म्हनले, "हे मी दिल्लीला पाठवणार. तुझं नाव लावून." ती हासली. पुऱ्या तोंडानं हासली.

मी ट्रे खाली ठेवला.

"साहेब, हा बिबट नोहे."

रेंजर साहेबानं वर पाह्यलं बी नाई. "बाई, चहा ठेव अन आत जा."

"ठेवला. पन हा बिबट नोहे."

"मंग काय हाय? मांजर?" वरचे साहेब हासले, रेंजर साहेब हासले. नवरा खुर्चीमागं उभा होता, त्यानं मले डोळे दाखवले. तसे डोळे दाखवले का मी रोज आत जाते. त्या दिवशी पाय हालले नाई. भेव गेलं होतं असं नाई, भेव तितकंच होतं. पन त्या पोरीचं हासनं माह्याच्यानं पाहावलं नाई.

"माह्यी मूठ हाय," मी म्हनलं.

पोरगी नवऱ्याच्या हातात कोंबली. तो नाई म्हनू शकला नाई, पोरगी पडली असती. मी सगळ्याईपुढं पट्टीजवळ बसली, मूठ आडवी केली, दाबली. पाच टिपके देल्ले. सर खुर्चीवरून उठले, प्लास्टरचा पाय बाजूले ठेवला, चष्मा वर करून पाह्यलं. पोरगी नवऱ्याच्या हातात रडून राहिली होती.

"हे कोणी शिकवलं तुम्हांला?" सराईनं विचारलं.

"मायनं. महालक्ष्म्याईले करतो आमी."

रेंजर साहेब उभे झाले. तोंड लाल. "सरकारी कामाची वाट लावली हिनं. मजुराईले क्वार्टर काहून देल्ले, हे कराले? याचं नाव मी यादीतून..."

"काटा नाव," मी म्हनलं. कुठून आवाज आला मालूम नाई. "काटाचं तं काटा साहेब. झाडलं मी, मूठ मी दाबली, तो तं झोपला होता. अन पाडव्याच्या दिवशी आपल्या दारापुढं झाडनं गुन्हा हाय, हे मले कोनी सांगतलं नव्हतं. लपवलं तो गुन्हा हाय. तो माह्या हाय. तिच्या वहीत माह्यं खोटं मी राहू देनार नाई."

मंग मी तिच्याकडं पाह्यलं. मले वाटे ती रडंन. रडली नाई. तिचं तोंड असं बंद झालं जसं दार लावून कडी घातली. तिनं वही उघडली, बावन्नावं पान काढलं, त्यावर वरून खालपर्यंत रेघ ओढली. पुढच्या सगळ्या पानाईवर बी ओढली. मंग मले म्हने, "पहले दिन क्यों नहीं बोला?"

"भेव वाटलं," मी म्हनलं. अन मंग म्हनलं, "डर गई."

"मैं भी डरती हूँ," ती म्हने. "रोज़."

सर म्हनले, वही आता धरता येनार नाई. आधीच्या एक्कावन्न सकाळी खऱ्या असतीन, पन कोन मानंन. ती म्हने, पुन्हा करीन, पयल्यापासून. सर म्हनले, तुह्याजवळ साठ दिवस उरले नाई, तिकीट काढलेलं हाय. तिनं बोटावर मोजलं. "तीस हैं." सर म्हनले, तीस चालतीन, पन कागदावर तीसच लिहीन, साठ नाई. अन पट्टीले कोनी हात लावला नाई हे कोन सांगनार?

तिनं माह्याकडं न पाहता हात केला. "ये. रोज़ साइन करेगी."

मले वाटते तिनं मले शिक्षा म्हनून ते सांगतलं.

सही मी लग्नानंतर कुठंच केली नव्हती. घरी आल्यावर नवरा म्हने, "सही नाई कराची. उद्या काय झालं तं कोर्टात नेतीन." सासूनं दोन दिवस माह्या हातचं खाल्लं नाई, मंग भूक लागली तं खाल्लं. सकाळी उजाडलं का ती पोरगी फाटकापुढं वही घेऊन उभी राहे अन म्हने, "साइन." दुसरा शब्द नाई. मी पट्टी पाहो, वरून खालून, अन माह्यं नाव लिहो. अक्षर वाकडं येई, "ई" तं पडूनच जाये. पाचव्या दिवशी नवरा दारात आडवा उभा राह्यला. "आज सही केली तं घरात येऊ नोको." मी बाहेर गेली, सही केली, वापस आली अन त्याच्यापुढं उभी राह्यली. पोरगी कंबरेवर. दूध चुलीवर उतू जाऊन राहिलं होतं, जळका वास आला. तो बाजूले झाला.

एक दिवस बाजूचीचं कुत्रं पट्टीवरून गेलं. तिनं कुत्रं लिहिलं, मी खाली सही केली. सासू फाटकातून म्हने, "आता कुत्रंच लिहिता वं? पाच बोटाचा होता तवा साहेब चहा पेत होते." त्या पोरीले मराठी तितकी समजत नसे, पन सासूच्या हातवाऱ्यावरून समजली असंन, कारन तिच्या तोंडाचा कोपरा हालला. अकरा दिवसात पयल्यांदा. दुसऱ्या दिवशी तिनं माती चाळासाठी चाळनी माह्या हातात देल्ली. बोलली नाई, पन देल्ली.

तीस सकाळीत बिबट आलाच नाई. ससे, मुंगूस, कोल्हा, उदमांजर, कुत्रं. पाडव्याच्या रात्री खरंच काय आलं होतं ते मी झाडून टाकलं, ते कोनालेच मालूम नाई, मले बी नाई.

कागद तिले भेटला. तीस दिवसाचा. साठाचा असता तं तिथं सीधी साहेब झाली असती, तीसाच्यावर कोनत्या खुर्चीत बसवतीन ते तिलेच मालूम नव्हतं. जायच्या दिवशी तिनं पोरीले मांडीवर घेतलं, मले मिठी मारली नाई, हात हातात घेऊन माह्यी मूठ बंद केली अन दाबली. मंग गेली. गायवाल्या मानसाचं काय झालं, तिचं पत्र आलं असतं तं समजलं असतं. आलं नाई.

यादी निघाली. नवऱ्याचं नाव नव्हतं. पुढच्या वर्सीच्या यादीत बी नव्हतं. तो अजून रोजंदारीवर हाय, आमी आता दुसरीकडं भाड्यानं राहतो, पोरगी शाळेत जाते. कधी भाकरीचा तुकडा मोडता मोडता तो मधातच म्हनते, "चूप राह्यली असती तं काय झालं असतं? एक प्लास्टरचा पाय दिल्लीले गेला असता. कोनाले चावला असता का?" मी भाजी वाढते. मंग म्हनते, "मी पुन्हा बी बोलन." तो पुढचा घास घेते, पन मले मालूम हाय का महिनाभरानं पुन्हा विचारंन.

मले अजून भेव वाटते. जीपचा आवाज आला का पोरीले जवळ घेते. पन ह्या एका गोष्टीत मी कोनापुढं मान खाली घालत नाई.

तरी विचारते, बायाहो, खरं सांगा. नवऱ्याची पक्की नोकरी या हाताले, परक्या देशातल्या पोरीची वही त्या हाताले, सगळे हासून राहिले हाय अन ती बी हासून राहिली हाय. तुमी असत्या तं काय केलं असतं?